विद्यापीठ कलिन्याला, फायदा ठाकुर्लीला: हिशोब नेमका कुठे चुकतो?

विद्यापीठामुळे आजूबाजूच्या लोकांच्या खिशात काय पडतं, असं विचारलं की डोळ्यांसमोर एक ठरलेलं चित्र येतं. गेटबाहेर झेरॉक्सची दुकानं, चहाची टपरी, खानावळ, कॉट बेसिसवर दिलेल्या खोल्या, रिक्षांची रांग. हेच चित्र धरून जगभर अहवालांचा एक प्रकार तयार झालाय. त्याला ‘आर्थिक प्रभाव अभ्यास’ म्हणतात. विद्यापीठ वर्षाला इतके कोटी खर्च करतं, त्यातून परिसरात इतके कोटी फिरतात, इतक्या हजार नोकऱ्या तयार होतात, म्हणून सरकारने दिलेल्या प्रत्येक रुपयामागे समाजाला इतके रुपये परत मिळतात, असा त्याचा साचा.

आज या साच्याची चिकित्सा करू या. माझा विषय रसायनशास्त्र आहे, अर्थशास्त्र नाही. पण मोजमाप कसं करावं आणि कसं करू नये, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच असतो. आणि चिकित्सेसाठी जागा घेतेय ठाकुर्ली, जिथे मी राहते. सीएसएमटीपासून सुमारे ५० किलोमीटर, डोंबिवली आणि कल्याणच्या मधलं स्टेशन, फास्ट लोकल जिथे थांबत नाही ते.

ठाकुर्लीत विद्यापीठ नाही. मुंबई विद्यापीठाचं मुख्य संकुल कलिन्याला, जुनी इमारत फोर्टला, आणि कल्याण पश्चिमेला एक उपकेंद्र. तरीही ठाकुर्लीतल्या कुठल्याही बिल्डिंगमध्ये चार दारं वाजवलीत तर एका तरी घरात भिंतीवर किंवा कपाटाच्या फायलीत मुंबई विद्यापीठाची पदवी सापडेल. ‘आजूबाजूचा परिसर’ कशाला म्हणायचं, हा प्रश्न इथे पहिल्या पावलालाच आडवा येतो. म्हणूनच साचा तपासायला ही जागा चांगली.

साचा आला कुठून?

१९७१ मध्ये जॉन कॅफ्री आणि हर्बर्ट आयझॅक्स यांनी अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनसाठी एक मार्गदर्शिका लिहिली. कॉलेज किंवा विद्यापीठाचा स्थानिक अर्थव्यवस्थेवर होणारा परिणाम कसा काढायचा, याची ती कृती होती. पुढचे बरेचसे अहवाल याच घराण्यातले.

कृती थोडक्यात अशी. आधी विद्यापीठाचा स्वतःचा खर्च घ्या: पगार, बांधकाम, वीज, कागद. त्यात कर्मचाऱ्यांनी, विद्यार्थ्यांनी आणि पाहुण्यांनी परिसरात केलेला खर्च मिळवा. हा झाला प्रत्यक्ष परिणाम. ज्या दुकानदारांकडे हा पैसा गेला त्यांनी पुढे माल घेतला, कामगार ठेवले. तो अप्रत्यक्ष परिणाम. आणि या सगळ्यांच्या घरी गेलेल्या पगारातून पुन्हा जी खरेदी झाली, तो प्रेरित परिणाम. तिन्हींची बेरीज काढायला एक गुणक वापरतात.

हा गुणक म्हणजे काय ते एका कल्पित उदाहरणाने बघू. समजा विद्यापीठाने परिसरात १०० रुपये सोडले आणि प्रत्येक फेरीत त्यातला ६० टक्के पैसा परिसरातच राहिला. मग १०० अधिक ६० अधिक ३६ असं करत करत बेरीज २५० होते. गुणक अडीच. आता समजा परिसरात २० टक्केच पैसा राहतो. मग १०० अधिक २० अधिक ४, असं करत एकूण १२५. गुणक सव्वा. विद्यापीठ तेच, शंभर रुपये तेच, पण अहवालाच्या मुखपृष्ठावरचा आकडा दुप्पट की निम्मा हे ‘किती पैसा इथेच राहतो’ या एका गृहीतकावर ठरतं.

हे गृहीतक ठाकुर्लीला लावून बघा. किराणा दुकानातला गहू बाहेरून येतो. कपडे, मोबाईल, पुस्तकं ऑनलाइन येतात, तो पैसा कुठल्या कुठे जातो. घराचा हप्ता बँकेला. पगारदार माणूस नव्वद फुटी रस्त्यावर भाजी घेतो तेव्हा भाजीवालीला सुटणारा नफा तेवढा इथे राहतो. उपनगरात पैसा टिकत नाही, पाझरून जातो. मोठा गुणक लावायला प्रदेश मोठा धरावा लागतो. आणि प्रदेश मोठा धरला की ‘आजूबाजूचा परिसर’ हा शब्दच उरत नाही.

ब्लँक कुठे आहे?

प्रयोगशाळेत कलरिमीटरवर नमुन्याचं रीडिंग घेण्याआधी आम्ही ब्लँक लावतो. म्हणजे ज्यात मोजायचा पदार्थ सोडून बाकी सगळं आहे असं द्रावण. त्याचं रीडिंग शून्य धरायचं आणि मगच नमुना लावायचा. ब्लँक न लावता आलेला आकडा कुणी दाखवला तर बीएस्सीच्या पहिल्या वर्षालाही सर जर्नल परत देतात.

आर्थिक प्रभाव अहवालात ब्लँक म्हणजे ‘विद्यापीठ नसतं तर काय झालं असतं’ हा प्रश्न. बहुतेक अहवाल तो विचारतच नाहीत. ठाकुर्लीतला मुलगा कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये चहा पितो. कॉलेज नसतं तर तो चहा प्यायलाच नसता का? तो नाक्यावर प्यायला असता. मग तो चहा कॉलेजचा परिणाम म्हणून मोजायचा कसा?

हीच टीका २००७ मध्ये जॉन सीगफ्रीड, अ‍ॅलन सँडरसन आणि पीटर मॅकहेन्री या तीन अर्थशास्त्रज्ञांनी फार नेटकेपणाने केली. त्यांनी अमेरिकेतल्या अशा अहवालांचा ढीग तपासला आणि चुकांची यादी दिली. तुलनेसाठी पर्यायी स्थिती धरलेली नाही. ‘स्थानिक’ची व्याख्या सोयीप्रमाणे बदलते. जुनाच खर्च नवा म्हणून मोजला जातो. एकच रुपया दोनदा धरला जातो. या सगळ्याचा परिणाम असा की काही अहवालांतून गुंतवणुकीवर वर्षाला शंभर टक्क्यांहून जास्त परतावा निघतो. खरंच असा धंदा असता तर नगरपालिकांनी रस्ते-गटारं सोडून फक्त कॉलेजंच काढली असती! त्यांचा शेवटचा टोला मला आवडतो: विद्यापीठं आपल्या प्राध्यापकांच्या संशोधनाकडून जेवढी अचूकता मागतात तेवढीच या अहवालांकडून मागितली, तर दावे इतके हास्यास्पद होणार नाहीत आणि उच्च शिक्षणावरचा विश्वास वाढेल.

दोनदा मोजण्याची गंमत वडापाववरून कळते. समजा वीस रुपयांचा वडापाव आहे. त्यातले चौदा रुपये पाव, बटाटा, तेल, गॅसचे. विक्रेत्याने भर घातली सहा रुपयांची. विक्रीचे वीस मोजले, वर बटाटेवाल्याची विक्री वेगळी मोजली, तेलवाल्याची वेगळी, तर एकच वडापाव अहवालात तीनदा खाल्ला जातो.

आणि ‘स्थानिक’च्या व्याख्येचं उदाहरण आपल्याकडेच आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पुण्याच्या सदाशिव पेठ, नारायण पेठ भागातले विद्यार्थी आपापल्या गावी गेले. खानावळी बंद, अभ्यासिका रिकाम्या, खोल्यांना भाडेकरू नाहीत. पेठांपुरतं बघितलं तर तो मोठा आर्थिक फटका होता आणि ज्यांना बसला त्यांना खराच बसला. पण तीच मुलं बीड, लातूर, परभणीला घरी जेवत होती. म्हणजे पेठेतल्या खानावळीचं उत्पन्न हा बऱ्याच अंशी मराठवाड्यातल्या घरांतून दर महिन्याला पाठवला जाणारा पैसा. पेठेच्या नकाशात तो ‘फायदा’ दिसतो, महाराष्ट्राच्या नकाशात तो एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेला असतो. आणि पाठवणाऱ्या घराच्या नकाशात तो चक्क खर्च असतो.

ठाकुर्लीचं खातं

आता हाच साचा प्रामाणिकपणे ठाकुर्लीला लावू. इथे येणारा पैसा: जवळपासच्या महाविद्यालयांतल्या शिक्षकांचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार, त्यांपैकी जे इथे राहतात तेवढे. इथून जाणारा पैसा: परीक्षा शुल्क, नोंदणी शुल्क, संलग्नतेचा खर्च जो शेवटी फीमधूनच निघतो, आणि रेल्वेचा पास, सवलतीचा असला तरी.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर सुरू झालं. शिकवणार महाविद्यालयं, परीक्षा घेऊन पदवी देणार विद्यापीठ, अशी ती पद्धत. स्वतःचे अध्यापन विभाग फार नंतर आले. आजही मुंबई शहर, उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग अशा सात जिल्ह्यांत विद्यापीठ पोहोचतं ते मुख्यतः संलग्न महाविद्यालयांतून. कल्याणचं बिर्ला, डोंबिवलीचं पेंढरकर ही त्यातली आपल्या ओळखीची नावं. या रचनेत पैसा महाविद्यालयांकडून विद्यापीठाकडे जातो. साच्यातली ‘विद्यापीठ परिसरात पैसा ओततं’ ही कल्पनाच इथे उलटी होते.

म्हणजे खर्च मोजणाऱ्या पद्धतीने ठाकुर्लीच्या वाट्याला शून्याच्या आसपासचा, कदाचित उणे आकडा येईल. त्याच पद्धतीने कलिन्याला भला मोठा आकडा येईल. एकीकडे फुगवटा, दुसरीकडे पुसून टाकणं. या दोन्ही चुका एकाच कारणाने होतात: पैसा कुठे खर्च झाला एवढंच बघितलं जातं, माणसात काय बदल झाला आणि तो बदल घेऊन माणूस कुठे राहायला गेला, हे बघितलं जात नाही.

चोळा पॉवर हाऊस आठवा

ठाकुर्लीकरांना हे समजावायला परदेशी उदाहरण लागत नाही. आपलं चोळ्याचं पॉवर हाऊस आहे. १९२५ मध्ये मुंबईत विजेची पहिली गाडी धावली आणि पुढच्या काही वर्षांत जीआयपी रेल्वेचे मार्ग विजेवर आले. त्या गाड्यांसाठी रेल्वेने ठाकुर्लीजवळ चोळे गावात औष्णिक वीज केंद्र उभारलं. १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ते चाललं.

आता कुणी या पॉवर हाऊसचा आर्थिक परिणाम काढायला बसलं आणि फक्त फाटकाबाहेरच्या टपऱ्या, कामगारांच्या चाळी, कोळशाच्या हमाल्या मोजल्या, तर काय होईल? त्या गोष्टी खऱ्या होत्या. अनेक घरं त्यावर चालली. पण वीज कशासाठी होती? गाड्या चालवण्यासाठी. तिचा परिणाम ज्या ज्या स्टेशनवर माणूस वेळेवर कामाला पोहोचला तिथे तिथे होता. टपऱ्या मोजून पॉवर हाऊसची किंमत काढणारा माणूस वीज मोजायलाच विसरला, असं आपण म्हणू.

विद्यापीठाचं तसंच आहे, फक्त दिशा उलटी. ठाकुर्लीत तयार झालेली वीज बाहेर जायची. कलिन्यात, कल्याणात, डोंबिवलीत मिळालेलं शिक्षण दर संध्याकाळी स्लो लोकलने ठाकुर्लीत परत येतं. पदवी घेतलेली मुलगी ठाण्याला किंवा ऐरोलीला नोकरी करते आणि पगार घरी आणते. आईवडिलांची चाळीतली खोली सुटते, फ्लॅट होतो, त्याचा मालमत्ता कर कल्याण-डोंबिवली महापालिकेला जातो, धाकट्या भावाचा क्लास लागतो. हे सगळं ठाकुर्लीतच घडतं. पण विद्यापीठाच्या गेटपासून ते इतक्या लांब आहे की अहवालाच्या वर्तुळात बसत नाही.

मग मोजलंय का कुणी?

मोजलंय, आणि बऱ्यापैकी काळजीने. दोन शोधनिबंध सांगते.

पहिला अ‍ॅना वालेरो आणि जॉन व्हॅन रीनन यांचा, २०१९ चा. त्यांनी ७८ देशांतल्या सुमारे १,५०० प्रदेशांतली जवळपास १५,००० विद्यापीठं घेतली आणि १९५० ते २०१० या काळात विद्यापीठं वाढल्यावर पुढे त्या प्रदेशाच्या दरडोई उत्पन्नाचं काय झालं ते बघितलं. दरडोई विद्यापीठांची संख्या दुप्पट झाली तर पुढचं दरडोई उत्पन्न सुमारे ४ टक्क्यांनी जास्त दिसतं, असा त्यांचा अंदाज. आकडा मोठा नाही. अहवालांतल्या शंभर टक्के परताव्याशेजारी ठेवा म्हणजे फरक कळेल. पण दोन निष्कर्ष आपल्या कामाचे. एक, हा परिणाम विद्यापीठाच्या, कर्मचाऱ्यांच्या आणि विद्यार्थ्यांच्या थेट खर्चातून आलेला आहे असं म्हणून भागत नाही. दोन, तो शेजारच्या प्रदेशांतही पसरतो. म्हणजे टपरी कमी, ठाकुर्ली जास्त.

तरी या निबंधालाही माझा एक आक्षेप आहे. मोजणीचं एकक ‘विद्यापीठ’ आहे. आपल्याकडे शेकडो महाविद्यालयांना पोटात घेणारं मुंबई विद्यापीठ आणि दोन-चार हजार विद्यार्थ्यांचं एखादं नवं विद्यापीठ दोन्ही ‘एक’ धरली, तर वाढ दिसते कुठे आणि होते कुठे याचा मेळ बसत नाही. ठाणे जिल्ह्यात दोन-तीन दशकांत महाविद्यालयांच्या जागा प्रचंड वाढल्या. संलग्नतेच्या पद्धतीत खरी वाढ तिथेच होते.

दुसरा निबंध सेथ झिमरमन यांचा, २०१४ चा, आणि तो मला ठाकुर्लीच्या जास्त जवळचा वाटतो. त्यांनी मायामीतलं फ्लोरिडा इंटरनॅशनल युनिव्हर्सिटी हे सरकारी विद्यापीठ घेतलं. तिथले बरेच विद्यार्थी आसपासचेच, घरून ये-जा करणारे. प्रवेशासाठी गुणांची एक रेषा होती. रेषेच्या जेमतेम वर असलेले आणि जेमतेम खाली राहिलेले विद्यार्थी हुशारीने जवळपास सारखेच. फरक एवढाच की एकाला प्रवेश मिळाला, दुसऱ्याला नाही. हा आमच्या भाषेतला ब्लँक! शाळा संपल्यानंतर ८ ते १४ वर्षांनी दोन्ही गटांची कमाई बघितली तर रेषेवरच्या, प्रवेशाची संधी मिळालेल्या मुलांची कमाई सुमारे २२ टक्क्यांनी जास्त निघाली. आणि शाळेत मोफत जेवण घेणाऱ्या, म्हणजे गरीब घरांतल्या मुलांना फायदा जास्त झाला.

या निबंधात टपरी कुठेच नाही. गुणक नाही. आहे तो एक साधा प्रश्न: जागा मिळाली नसती तर या मुलाचं काय झालं असतं?

महाराष्ट्राचा इतिहास बघितला तरी हाच प्रश्न मोठा दिसतो. १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. त्याआधी हैदराबाद संस्थानातल्या मराठवाड्याचं विद्यापीठ म्हणजे उस्मानिया, तेही हैदराबादला. १९५० मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. त्या महाविद्यालयाचा आणि विद्यापीठाचा आर्थिक परिणाम नागसेनवनाजवळच्या खानावळींच्या गल्ल्यावरून काढायचा म्हटला तर तुम्हीच हसाल. ज्या घरांत आधीच्या कुठल्याही पिढीत कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं त्या घरांतून शिक्षक, कारकून, वकील, लेखक, अधिकारी निघाले. त्यांचे पगार गावोगाव गेले.

जवळ असण्याची किंमत

ठाकुर्लीसारख्या ठिकाणी आणखी एक गोष्ट मोजायला हवी: अंतर. इथून कलिन्याला जायचं तर स्लो लोकलने कुर्ला, तिथून बस किंवा शेअर रिक्षा. येऊन जाऊन दिवसाचे तीन-साडेतीन तास सहज जातात. डोंबिवली किंवा कल्याणला एमएस्सीची अनुदानित जागा असली तर हे तास वाचतात. त्या तासांत कुणी शिकवण्या घेतं, कुणी आजारी आजीला सांभाळतं, कुणी दुकानावर बसतं. ‘सातच्या आत घरात’ हा नियम ज्या घरांत अजून चालतो तिथे तर जवळची जागा आणि लांबची जागा यातला फरक वेळेचा नसतोच. शिकण्याचा की न शिकण्याचा असतो.

आता हा फायदा आपली मोजमापं कशी बघतात? २०१६ पासून निघणाऱ्या एनआयआरएफ क्रमवारीत ‘पोहोच आणि सर्वसमावेशकता’ नावाचा एक भाग आहे. त्यात मुली किती, आर्थिक-सामाजिक दृष्ट्या मागे राहिलेल्या घरांतले विद्यार्थी किती, याला गुण आहेत, ते योग्यच. पण त्याच भागात परराज्यातले आणि परदेशातले विद्यार्थी किती यालाही गुण आहेत. जे महाविद्यालय ठाकुर्ली, टिटवाळा, बदलापूरच्या मुलांना घराजवळ शिकवतं त्याला या रकान्यात जवळपास काहीच मिळत नाही. स्थानिकांना शिकवणं हे ज्याचं मुख्य काम, त्याला ते काम केल्याबद्दलच गुण कमी. अहवालांचा साचा बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याला ‘नवा खर्च’ म्हणून जास्त किंमत देतो, क्रमवारी त्याला ‘विविधता’ म्हणून देते. शेजारच्या मुलीला दोन्हीकडे रकाना नाही.

आक्षेप घ्यायला जागा आहे

आता तुम्ही म्हणाल, पदवीने फायदा होतोच हे कशावरून? रास्त शंका आहे. आपल्या देशात पदवीधरांमधलं बेरोजगारीचं प्रमाण कमी शिकलेल्यांपेक्षा जास्त असतं, हे सरकारी कामगार सर्वेक्षणं सातत्याने दाखवतात. मायामीचे २२ टक्के उचलून डोंबिवलीला चिकटवता येणार नाहीत. शिवाय इथे रेषेखाली राहिलेला मुलगा शिक्षणाबाहेर पडेलच असं नाही. तो विनाअनुदानित तुकडीत किंवा खासगी संस्थेत जास्त फी भरून प्रवेश घेतो. त्यामुळे आपल्याकडे तुलना ‘शिकला विरुद्ध नाही शिकला’ अशी कमी आणि ‘स्वस्तात शिकला विरुद्ध कर्ज काढून शिकला’ अशी जास्त होईल. पण तीही करण्यासारखीच आहे. सार्वजनिक विद्यापीठाच्या नावातला ‘सार्वजनिक’ हा शब्द नेमका त्या फरकात राहतो. पदवीवर शिक्का मुंबई विद्यापीठाचा आणि फी मात्र पूर्ण स्वतःच्या खिशातून, अशा तुकड्या वाढत गेल्या तर ‘विद्यापीठाचा फायदा’ म्हणून आपण जे मोजतो त्यात घरच्यांनी मोडलेली मुदत ठेवही वजा करायला हवी.

दुसरा आक्षेप: टपरीवाल्यांचं, खानावळवाल्या काकूंचं पोट या खर्चावरच चालतं, ते तुच्छ आहे का? अजिबात नाही. त्यांचं उत्पन्न खरं आहे आणि संकुल हलवताना किंवा सुट्ट्या वाढवताना त्यांचा विचार व्हायलाच हवा. माझं म्हणणं इतकंच की विद्यापीठाला पैसे का द्यावेत, याचं उत्तर म्हणून ते पुढे करू नये.

कारण ते उत्तर धोक्याचं आहे. गेटबाहेर फिरणारा पैसा हाच निकष मान्य केला, तर मॉलही तेवढाच पैसा फिरवतो, ऑफिसांचे टॉवर त्याहून जास्त. कलिना संकुल दोनशेहून जास्त एकरांवर आहे आणि शेजारी बीकेसी आहे. रुपयांच्या उलाढालीची स्पर्धा लावली तर त्या जमिनीवर विद्यापीठ एक दिवसही टिकणार नाही. जो युक्तिवाद आपण विद्यापीठ वाचवायला वापरतो तोच उद्या त्याच्याविरुद्ध वापरता येईल. सार्वजनिक विद्यापीठांत प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत, तासिका तत्त्वावरचे शिक्षक तासांचे पैसे मोजून महिना काढतात, फेलोशिप उशिरा येते हे आम्हा सगळ्यांना पाठ आहे. अशा वेळी सरकारपुढे मांडायचा मुद्दा भक्कम हवा. शिकवणारा माणूस नसेल तर टपरीचा धंदा फारसा कमी होत नाही, मुलं तर येतातच. म्हणजे खर्च मोजणाऱ्या अहवालात रिकाम्या जागा दिसतच नाहीत. शिकणं मोजणाऱ्या अहवालात त्या पहिल्या पानावर दिसतील.

करता येण्यासारखा अभ्यास

झिमरमनसारखा अभ्यास इथे करता येईल, आणि त्याला फार मोठा निधीही लागणार नाही. आपल्याकडे गुणवत्ता याद्या लागतात. अनुदानित तुकडीच्या शेवटच्या यादीत थोडक्यात आत आलेले आणि थोडक्यात बाहेर राहिलेले विद्यार्थी घ्यायचे. प्रवर्गनिहाय याद्या वेगवेगळ्या असतात, त्यामुळे तुलना त्या त्या यादीच्या आतच करायची. दहा वर्षांनी तीन गोष्टी विचारायच्या. काय काम करता? शिक्षणासाठी किती कर्ज झालं? आणि राहता कुठे? हा तिसरा प्रश्न ‘परिसर’ ठरवेल. आधी वर्तुळ काढून मग त्यात फायदा शोधण्यापेक्षा फायदा कुठे राहायला गेला ते बघून नकाशा काढायचा. तो नकाशा कलिन्याभोवती गोल असेल असं मला वाटत नाही. तो रेल्वेच्या रुळांसारखा लांबट असेल.

अडचणीही आहेत. जुन्या याद्या सगळीकडे जपलेल्या नसतात. माजी विद्यार्थ्यांचे पत्ते बदललेले असतात, आणि ज्यांचं बरं चाललंय तेच उत्तर देतात. शेवटची अडचण सगळ्यात मोठी. मेळाव्याला आलेल्यांचीच सरासरी काढली तर पुन्हा ब्लँक न लावल्यासारखं होईल. म्हणून बाहेर राहिलेल्यांना शोधण्यावर जास्त श्रम घ्यावे लागतील. जे संस्थेचे कधी झालेच नाहीत त्यांना संस्था शोधत नाही, म्हणून हे काम संस्थेबाहेरच्या कुणीतरी केलेलं बरं.

तोवर पुढच्या वेळी ‘अमुक विद्यापीठामुळे परिसराला इतक्या कोटींचा फायदा’ अशी बातमी वाचलीत तर तीन प्रश्न विचारा. विद्यापीठ नसतं तर यातलं किती घडलं नसतं? परिसर म्हणजे नेमका कुठपर्यंत? आणि या आकड्यात शिकलेला माणूस कुठे आहे? तिसऱ्याचं उत्तर सापडलं नाही, तर तो अहवाल विद्यापीठाबद्दल नाही, कुठल्याही मोठ्या गेटाबद्दल आहे.